लीलाधर वैती पाण्यात पडले त्याबाबत

जबाब                                                              दिनांक १०/११/२०२५, सकाळी ११.१०

नाव : चंदन लीलाधर वैती, वय ३९ वर्षे, धंदा : गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांना बोटीतून खाडीत नेणे, राहणार : घोडबंदर गाव, जेट्टीजवळ, मीरा-भाईंदर.

मी आज आपणहून पोलीस ठाण्यात आलो असून साहेबांनी विचारल्याप्रमाणे समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी वडील लीलाधर वैती (वय ७१), आई कृष्णाबाई आणि पत्नी रसिका यांच्यासोबत राहतो. आमच्या घरात पहिल्यापासून खाडीतली मासेमारी आहे. बारावीनंतर सहा वर्षे मी भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर मोबाइलच्या दुकानात कामाला होतो. त्यानंतर अकरा वर्षे वडिलांच्या होडीवर जाळ्याला होतो. जाळ्यात माशापेक्षा पिशव्या जास्त येऊ लागल्या, आणि वर्षातून दोन-तीन वेळा रेतीच्या बार्ज जाळे फाडून जात. २०२१ मध्ये मी जाळे सोडले व स्वतःची बोट घेऊन हा धंदा सुरू केला.

माझ्या बोटीत एका वेळी दोनच गिऱ्हाइके घेतो. बोटीची नोंदणी व विमा आहे, प्रत्येकाला लाइफ जॅकेट देतो. कागदांच्या झेरॉक्स जबाबासोबत दिल्या आहेत. पावसाळी बंदीचे दोन महिने बोट वर काढलेली असते. गणपतीनंतर नोव्हेंबर संपेपर्यंत पुलाच्या खांबांपाशी जिताडा मिळतो. थंडीत खाली खाडीच्या तोंडाकडे रावस. होळीपासून मे महिन्यापर्यंत खारफुटीच्या मुळांत तांबोशी आणि खडकांत हेकरू. येणारे लोक मुंबईचे, मीरा रोडचे, क्वचित पुण्याचे असतात. खाण्यापुरता एखादा ठेवला तर ठेवतात, बाकीचे मासे मोजून, फोटो काढून परत पाण्यात सोडतात. त्यासाठी गळाचा उलटा काटा मी पक्कडीने दाबून सपाट करतो, म्हणजे गळ माशाच्या तोंडातून लगेच निघतो. साहेबांनी विचारले की याचा घटनेशी काय संबंध. संबंध पुढे येतो.

वडिलांना माझा धंदा पसंत नव्हता. "धरलेला मासा सोरून द्यायचा, यो काय धंदा हाय? मासा काय खेळनं हाय?" असे ते २०२१ मध्ये म्हणाले. त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी बोललेले नाहीत. आमचे भांडण नाही. एका घरात राहतो, एकत्र जेवतो. काही निरोप असला तर ते आईला सांगतात आणि आई मला सांगते. कुठल्या महिन्यात कुठला मासा कुठे उभा राहतो, हे मला जे काही येते ते लहानपणी त्यांच्या होडीत बसून आलेले आहे. गिऱ्हाइकांना मी तसे सांगतो. वडिलांना कधी सांगितलेले नाही.

दिनांक ६/११/२०२५, गुरुवार रोजी माझ्या बोटीत श्रीमती मृणालिनी कर्णिक, वय ६१, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मीरा रोड पूर्व, या एकट्याच होत्या. मी त्यांना ताई म्हणतो. यजमान वारल्यानंतर त्या गिरगावची जागा सोडून मीरा रोडला आल्या व तीन वर्षांपासून माझ्या बोटीवर येतात. त्यांनी रावस, तांबोशी, शिंगाळा, सगळे धरले आहेत. जिताडा एकदाही लागला नव्हता. तीन मोसम गेले. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. त्या जेट्टीवर उतरल्या की कोणीतरी विचारतेच, "काय ताई, आज तरी?" त्या दर वेळी म्हणतात, "पाणी छान होतं."

त्या दिवशी पौर्णिमेनंतरचे उधाण होते व दुपारनंतर ओहोटी जोरात होती. आम्ही दोन वाजता जेट्टीवरून निघून हायवेच्या पुलाखाली गेलो. दुसऱ्या खांबाच्या बाजूला, अंदाजे सत्तर फुटांवर मी नांगर टाकला. ताई बोटीत मागच्या बाजूला तोंड करून खांबाच्या दिशेने गळ फेकत होत्या. त्यांनी मोबाइल बोटीच्या मागच्या टोकाला स्टँडवर, स्वतःकडे तोंड करून लावला होता. त्यामुळे व्हिडिओत त्या व त्यांच्या पाठीमागे वरच्या अंगाचे, म्हणजे ओहोटी जिकडून येते तिकडचे पाणी दिसते. ही सवय त्यांना पहिल्यापासून आहे. मासा लागला तर पुरावा हवा, असे त्या म्हणतात.

पावणेतीनच्या सुमारास वडील होडी वल्हवत आले व आमच्या वरच्या अंगाला साधारण दोनशे फुटांवर नांगर टाकून थांबले. त्यांनी जाळे टाकले नाही. मी हात केला. त्यांनी हात केला नाही. ते तिथे कशासाठी आले हे मला तेव्हा माहीत नव्हते.

३ वाजून ४० मिनिटांनी ताईंच्या गळाला मासा लागला. वेळ व्हिडिओवरून सांगतो. मासा आधी खांबाकडे पळाला, मग वर आला आणि अख्खा पाण्याबाहेर उसळला. जिताडा होता. अंदाजे बारा किलो. ताईंनी रॉड जसा धरायला पाहिजे तसा धरला होता. मी मासा उचलायची जाळी घेऊन त्यांच्या बाजूला उभा राहिलो.

त्याच वेळी वरून रेतीने भरलेली एक बार्ज ओहोटीबरोबर खाली येत होती. इतकी भरलेली की पाणी तिच्या काठाला टेकत होते. भोंगा वाजवला नाही. माझे लक्ष तिच्याकडे गेले तेव्हा ती होडीच्या अगदी मागे होती. वडील होडीत उभे होते व त्यांची पाठ बार्जकडे होती. मी ओरडलो. बार्जचा पुढचा उजवा कोपरा होडीला लागला. होडी उलटली व मधून फाटली. बार्ज थांबली नाही. आमच्या बाजूने जाताना तिच्यावर मी तीन इसम पाहिले. त्यातला एक "अरे, बुड्ढा गिरा, बुड्ढा गिरा" असे ओरडत होता. चालवणारा "चलो, चलो, रुकना नहीं" म्हणाला. हे मी माझ्या कानांनी ऐकले. केबिनवर हिरवी ताडपत्री होती, मागे दोन निळी पिंपे होती, नंबराच्या जागी डांबर फासलेले होते. तिन्ही इसमांना मी नावाने ओळखत नाही. चालवणाऱ्याला पाहिल्यास ओळखेन.

वडील पाण्याच्या वर आले. त्यांना पोहता येते, आमच्या गावात त्यांच्याएवढे कोणाला येत नसेल. पण डावा हात हलत नव्हता. उजव्या काखेत त्यांनी होडीतला प्लास्टिकचा डबा धरला होता. पाणी त्यांना दुसऱ्या खांबाकडे नेत होते. त्या खांबाच्या बुडाशी खडक आहेत व उधाणाच्या ओहोटीला तिथे पाणी आत ओढते. दोन वर्षांपूर्वी तिथे गेलेली म्हैस दोन दिवस वर आली नव्हती. ती मी पाहिली आहे.

मी नांगर ओढला. तो खडकात अडकला होता. दोरी कापायची सुरी पेटीत होती, पेटी ताईंच्या पायांमागे होती. मी ते सगळे सोडून उडी मारण्यासाठी काठावर पाय ठेवला. ताई म्हणाल्या, "चंदन, उडी मारायची नाही. तू गेलास तर बोट कोण आणणार? मला इंजिन चालू करता येत नाही."

मी मागे पाहिले तेव्हा त्यांच्या रॉडची लाइन मोकळी लोंबत होती. मासा नव्हता. त्यांनी गळ्यात अडकवलेल्या छोट्या कात्रीने लाइन कापली होती. कापा, असे मी त्यांना सांगितले नव्हते. साहेबांनी हे वेगळे लिहून घ्यावे.

त्यांनी दुसरा रॉड उचलला. त्याला वीतभर लांबीचा नकली मासा व दोन गळ लावलेले होते. त्या म्हणाल्या, "मी धरते त्यांना. तू दोरी काप." पहिली फेक कमी पडली. दुसरी वडिलांच्या पलीकडे गेली आणि लाइन ओढून घेताना गळ त्यांच्या शर्टाच्या खांद्यात बसला. अंतर साठ फुटांच्या आसपास असेल. वडील ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

ती लाइन वीस किलोचा ताण सोसते. ओहोटीत वाहणाऱ्या माणसाला सरळ ओढले तर ती तुटते. आणि गळाचा काटा मीच दाबलेला होता, त्यामुळे लाइन क्षणभर सैल पडली असती तर गळ निसटला असता. म्हणजे मोठ्या माशाला करतात तेच करायचे होते. ओढायचे नाही, ताण ठेवून फक्त तोंड वळवायचे. मी बोथट सुरीने नांगराची जाड दोरी कापत होतो आणि ओरडत होतो, "ताई, ओढू नका, बाजूला न्या, बाजूला." ताई म्हणाल्या, "मला कळतंय. तू कापत राहा." वडिलांनाही कळले होते. त्यांनी गळाविरुद्ध हिसका दिला नाही. पाय मारून ते स्वतःच लाइन ताणलेली ठेवत होते. असे ते खांबापासून आठ-दहा हात बाहेरून गेले. खांबाच्या मागे जिथे पाणी संथ असते तिथे ताईंनी त्यांना वळवून घेतले व धरून ठेवले. व्हिडिओच्या वेळेप्रमाणे हे सर्व चार मिनिटे दहा सेकंदांत झालेले आहे. मला ते पुष्कळ जास्त वाटले होते.

दोरी तुटल्यावर मी इंजिन चालू केले, त्यांच्या खालच्या बाजूने बोट लावली व काखेत हात घालून त्यांना आत घेतले. त्यांचे वजन ५२ किलो आहे, हे नंतर रुग्णालयात कळले. मला ते त्याहून जड वाटायचे.

बोटीत त्यांनी पाणी ओकले. थोडा दम खाल्ल्यावर ते ताईंना म्हणाले, "मासा ग्येला?"

ताई म्हणाल्या, "गेला."

वडील म्हणाले, "मोठा व्हता."

ताई म्हणाल्या, "हो. मी पाहिला."

जेट्टी येईपर्यंत ताई रॉड दोन्ही हातांत धरून वडिलांच्या समोर बसल्या होत्या. गळ अजून वडिलांच्या खांद्यात होता. लाइन कापायचे ताईंच्या लक्षात आले नाही. माझ्याही आले नाही. जेट्टीवर आईने ती विळीने कापली. ताईंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना लाइनने खोल चिरा पडल्या होत्या. आईने त्यावर हळद दाबली व स्वतःच्या लुगड्याची चिंधी बांधली. आई ताईंना त्या दिवशी पहिल्यांदा भेटली.

वडिलांना रिक्षाने रुग्णालयात नेले. डाव्या बाजूचे गळपट्टीचे हाड मोडले आहे. खांद्याला गळाची जखम होती, एक टाका घातला. डॉक्टरांनी विचारले की गळ इतका सहज कसा निघाला. मी उत्तर देण्याआधी वडील म्हणाले, "काटा दाबलेला हाय. माझा पोरगा दाबतो." मी काटे दाबतो हे त्यांना माहीत आहे, हे मला माहीत नव्हते.

ते रुग्णालयात तीन दिवस होते. ताई रोज दुपारी यायच्या. मी आत असलो की वडील मला चहा आणायला पाठवायचे. दोघे काय बोलत ते मी ऐकलेले नाही. ताईंच्या वहीत वडिलांनी पेनने काढलेले एक चित्र मी पाहिले आहे. त्यात खाडी आहे, खांब म्हणजे गोल आणि मासे म्हणजे फुल्या. फुल्या खूप आहेत.

शनिवारी दिनांक ८ रोजी मी वडिलांना विचारले, "बाबा, तुम्ही तिथं कशाला आला होता? जाळं तर टाकलं नव्हतं." ते म्हणाले, "तू बाईला खांबाच्या म्होरं टाकाय लावतंस. उधानाला जिताडं म्होरं न्हाय, मागं असतंय. तीन वर्सं बगतंय मी. सांगाया आलो व्हतो. मंग तिला लागला, तवा काय बोलनार? बगत ऱ्हायलो." मासा उसळला तो नीट दिसावा म्हणून ते होडीत उभे राहिले होते. म्हणून त्यांची पाठ बार्जकडे होती.

ही गोष्ट जबाबात सांगायची नाही असे मी ठरवले होते. कारण बार्जवाले म्हणतील की म्हातारा स्वतःच बघत नव्हता. आज सकाळी निघताना वडील म्हणाले, "खरं हाय ते लिव. मी मासा बगत व्हतो. मासा बगनं गुन्हा हाय का?" म्हणून लिहून देतो. त्यांची होडी जागेवर थांबलेली होती, उजेड स्वच्छ होता, बार्ज मागून आली, भोंगा दिला नाही आणि माणूस पाण्यात पडल्याचे कळूनही थांबली नाही, हेही तितकेच खरे आहे व व्हिडिओत दिसते. सदरचा व्हिडिओ ताईंनी पेन ड्राइव्हमध्ये जमा केला आहे. त्यांचा जबाब काल झाला आहे.

आज साहेबांनी मला किनाऱ्याला लागलेल्या तीन बार्जचे फोटो दाखवले. त्यातली दुसऱ्या फोटोतली बार्ज तीच आहे. ताडपत्री काढून टाकलेली आहे, पण निळी पिंपे तीच आहेत, आणि पुढच्या उजव्या कोपऱ्याला होडीचा तांबडा रंग लागलेला स्पष्ट दिसतो. तो रंग दर वर्षी नारळी पौर्णिमेआधी वडील स्वतः लावतात. माझी बार्जच्या चालकाविरुद्ध व मालकाविरुद्ध तक्रार आहे.

होडी वडिलांनी १९९८ साली करून घेतली होती. तिचा अर्धा भाग गावातल्या लोकांनी काठाला आणला आहे. ती दुरुस्त होणार नाही. काल रुग्णालयातून येताना वडिलांनी रिक्षा थांबवून ती पाहिली. मी रिक्षातच बसलो होतो. परत आल्यावर त्यांनी विचारले की तुझ्या बोटीला पुढच्या बाजूला बसायला फळी का नाही. मी सांगितले की लागली नाही कधी. संध्याकाळी त्यांनी एका हाताने मोजमाप घेतले व मला फळी कापायला लावली. दोन वेळा कापावी लागली. पहिली त्यांना आखूड वाटली.

साहेबांनी विचारले की यापुढे धंदा चालू ठेवणार का. ठेवणार आहे. मोसमाचे अजून वीस दिवस आहेत. आज दुपारी दीड वाजता ताई जेट्टीवर येणार आहेत. बोटांना पट्टी आहे, तरी येतात. वडीलही बोटीत येणार आहेत. डॉक्टरांनी त्यांना वल्हे मारायला मनाई केली आहे, बसायला नाही. ते सध्या बाहेर बाकावर बसलेले असून त्यांचा जबाब माझ्यानंतर घ्यायचा आहे. ते सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतात, म्हणून थोडे लवकर घ्यावे ही विनंती.

भरतीला जिताडा कुठे येऊन थांबतो ती एक जागा वडिलांनी काल जेवताना मला सांगितली. त्या जागेवरून मी हजारो वेळा गेलो असेन, मला माहीत नव्हती. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांना गळाची आवड आहे, त्यांनी दोनदा त्या जागेचे नाव विचारले. ते मी सांगितलेले नाही, आणि ते कुठल्याही कागदावर येऊ नये असे माझे म्हणणे आहे.

एवढेच मला सांगायचे होते. वरील मजकूर मराठीत लिहून मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो शेवटपर्यंत ऐकला, मी बोललो त्यापेक्षा त्यात जास्त काही नाही व कमीही काही नाही, म्हणून खाली सही करतो.

समक्ष                                                              सही / चंदन लीलाधर वैती